नझीरभाईंची तिसरी यादी

कॉम्प्युटरसमोर बसले की नझीरभाई आधी दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसत. दंगेखोर मुलाला आम्ही शाळेत हाताची घडी घालायला लावतो, तसं त्यांनी स्वतःलाच बसवलेलं असे. पडद्यावर काहीतरी चुकल्याची इंग्रजी अक्षरं, शेजारी 'अहो, काहीतरी दाबा ना' म्हणून कासावीस झालेलं गिऱ्हाईक, आणि नझीरभाई मान पुढे काढून वाचतायत. एकदा वाचून झालं की पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा मोठ्याने. तोवर हात मांडीखालीच.

"वाचायच्या आधी हात बाहेर आले की ते काहीतरी करून ठेवतात," ते म्हणायचे. "हाताला कुठं अक्कल असते?"

ही अक्कल त्यांना मस्कतला आली होती. तिथे बावीस वर्षं ते एका मोठ्या दुकानाच्या कॉम्प्युटर खोलीत नोकरीला होते. एका सकाळी एक डिस्क उघडेना. दुरुस्तीचा प्रोग्राम 'हे दुरुस्त करू का?' असं विचारत होता आणि यांनी न वाचता होय म्हटलं. त्याने पुढचं विचारलं, यांनी पुन्हा होय म्हटलं. "चाळीस वेळा होय म्हटलं असेल, बाई. निकाहमध्येसुद्धा माणूस तीनदाच म्हणतो." डिस्क दुरुस्त झाली, फक्त आत काही राहिलं नाही. हे ते हसत सांगत, पण सांगताना हात मांडीखाली गेलेले असत.

नझीरभाई आता इथे नाहीत. दोघं नवराबायको लेकीकडे मस्कतला गेली आणि श्रीवर्धनच्या मोहल्ल्यातल्या त्यांच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. त्यांच्याही आधी तिथे सुपारी सोलायची खोली होती. नझीरभाईंच्या पाटीवर नुसतं 'कॉम्प्युटर' एवढंच लिहिलं होतं. 'दुरुस्ती' का लिहिलं नाही म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ते झाल्यावर कळतं ना."

गावात त्यांची ख्याती फार चांगली होती असं मी म्हणणार नाही. कारण दहातल्या चार जणांना ते सरळ सांगत, "मला हे येत नाही." चेहऱ्यावर शरम नाही की आवाजात संकोच नाही. एकदा एक गृहस्थ मुलाच्या लग्नाचं शूटिंग असलेलं कार्ड घेऊन आले. ते कार्ड कुठेच लागत नव्हतं. नझीरभाईंनी वाचलं, तीनदा वाचलं आणि कार्ड परत त्यांच्या हातात ठेवलं. "मी काहीतरी करू शकतो. पण तो तुमच्या पोराच्या लग्नावर प्रयोग होईल. मुंबईला न्या." ते गृहस्थ बाहेर पडून दहा पावलांवर म्हणाले, "बावीस वर्षं तिकडे काय उंट राखत होता?" आत ऐकू गेलं. नझीरभाई मला म्हणाले, "उंट मला राखता येत नाहीत."

मीही त्यांच्याविषयी चार शब्द बरे बोलले असेन असं नाही. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, आणि शिक्षकाला 'येत नाही' या उत्तराचा भारी राग. त्यात मी मुळात चिडकी. हे माझे विद्यार्थीच सांगतील, आता त्यांची मुलं सांगतात.

श्रीवर्धनपासून थोडं पुढे आमची कोळ्यांची वाडी आहे. वाडीच्या पुढ्यात समुद्राकडे एक मोठं खळं आहे. बोंबील, जवळा, मांदेली सगळं तिथेच वाळतं, आणि वाडीतल्या निम्म्या घरांच्या चुली त्या वाळवणावर पेटतात. कुठल्याशा नकाशात ते खळं 'मोकळी जागा' असं दाखवलं गेलं आणि पर्यटकांच्या गाड्या उभ्या करायला ती जागा बरी, असं ठरायला लागलं. हरकत घ्यायची तर पुरावा हवा. सातबारा तर कोणाच्या नावावर नाही. म्हणून मी दोन वर्षं वाडीतल्या म्हाताऱ्या बायांच्या घरी बसून त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. खळं कुठून कुठवर, कोणाच्या आजीची जागा कुठे, कोणत्या साली वादळात काय वाहून गेलं, सगळं.

त्यात मोलाची होती ती चांगुणाआजी. नव्वदीपुढची. खळ्याच्या चारही हद्दी तिला दगडादगडाने पाठ होत्या, आणि तिच्याएवढं जुनं आठवणारं वाडीत दुसरं कोणी नव्हतं. तीन बैठकांत तिने सगळं सांगितलं आणि त्या आषाढात ती गेली. म्हणजे आता जे काही होतं ते त्या तीन बैठकांत होतं.

नारळी पौर्णिमेच्या आधी आमच्याकडे होड्या खरवडतात. जुन्या रंगावर नवा रंग कोणी देत नाही. आधी लाकूड उघडं करायचं, तेल पाजायचं, मग रंग. मी बाजारातून नवी डिस्क आणली ती याच दिवसांत. माझा भाऊ बोटीवर नोकरीला असतो, तेव्हा सुट्टीवर पनवेलला होता. मी त्याला म्हटलं, "ही डिस्क आधी खरवडून काढ. दुकानातलं काही ठेवू नकोस. सगळं नव्याने बांध आणि मग त्यात भर." तो म्हणाला, ताई, आहे तशी चालेल. मी म्हटलं, होडी अशी चालवशील का? त्याने आपल्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर, विंडोजच्या जागी घातलेल्या नव्या लिनक्सवर डिस्क पुसली, नव्याने बांधली, सगळी ध्वनिमुद्रणं त्यात भरली, आणि लॅपटॉप घेऊन बोटीवर निघून गेला. रेकॉर्डरची कार्डं मी पुसून पुढच्या कामाला घेतली. माझ्यासारख्या शहाण्या बाईने हे केलं, हे लिहितानाही कानाच्या पाळ्या गरम होतात.

पौर्णिमेला वाडीच्या मच्छीमार संस्थेच्या ऑफिसात डिस्क टेबलावर ठेवली होती. हिराकाकी आमच्या बायांच्या गटाची प्रमुख, चांगुणाआजीची धाकटी जाऊ. समुद्राला नारळ देऊन ती परत आली, ताटात हळदीकुंकू उरलं होतं, ते तिने डिस्कला वाहिलं. "हिच्यात आमची म्हातारी हाय," म्हणाली आणि हात जोडले.

आमच्या हरकतीची सुनावणी त्यानंतरच्या एका सोमवारी होती. आधीच्या गुरुवारी मी ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरला डिस्क लावली. उघडली नाही. काढून लावली, वायर बदलली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नाहीच. वायर लावायच्या खाचेपाशी कुंकवाचे कण दिसत होते. माझ्या तोंडचं पाणी पळालं आणि त्या जागी जे आलं ते मी सगळ्या बायांसमोर हिराकाकीवर ओतलं. "देवाला वाहायचं ते देवाला वाहा ना! मशीनमध्ये कुंकू घालतात का? आजीचा आवाज गेला तुझ्यामुळे!" काकी टोपली उचलून घरी गेली. संध्याकाळी तिची सून सांगत आली, सासूबाई जेवत नाहीत.

शुक्रवारी सकाळी मी डिस्क बाजारातल्या एका दुकानात नेली. तिथल्या कॉम्प्युटरने लगेच विचारलं की वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करायला हवी, करू का? दुकानदार म्हणाला, "मॅडम, डिस्क खराब आहे. फॉरमॅट मारतो, मग मुंबईला पाठवून डेटा परत मिळवू. मिळतो पुष्कळदा." त्याचं बोट माउसवर होतं. माझ्या तोंडात 'करा' आलं होतं. तेवढ्यात मला ते चाळीस होय आठवले. मी डिस्क ओढूनच घेतली आणि मोहल्ल्याकडे चालू लागले.

नझीरभाई जुम्म्याच्या नमाजाला गेलेले. त्यांच्या बायकोने, झुबेदाभाभींनी मला बसवलं, सरबत दिलं. ते आले, टोपी खुंटीला लावली, माझं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न केला तो डिस्कविषयी नव्हता.

"यातलं काय गेलं तर परत आणता येणार नाही?"

"चांगुणाआजी," मी म्हटलं, आणि मला रडू आलं.

"मग तिलाच धरून बसू," ते म्हणाले.

त्यांनी मऊ ब्रशने कुंकू झटकलं, भिंग लावून खाच बघितली आणि डिस्क ऑफिसातल्या त्याच जुन्या कॉम्प्युटरला लावायची म्हणून माझ्यासोबत वाडीवर आले. त्या कॉम्प्युटरवरचं लिनक्स दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांनीच बसवलेलं. हात मांडीखाली गेले. पडद्यावर लिहिलं होतं की डिस्कचा प्रकार चुकीचा असेल, किंवा पर्याय चुकीचा असेल, किंवा तिचं पहिलं पान खराब असेल, किंवा आणखी काही असेल.

"हा अंदाज बांधतोय," नझीरभाई म्हणाले. "किंवा, किंवा, किंवा. अंदाजावर इलाज करायचा नाही. आत नोंदवहीत काय घडलं ते लिहिलेलं असतं, ते बघू."

एक हात बाहेर आला, चार अक्षरं टाइप करून परत आत गेला. नोंदींची लांबच लांब यादी आली. त्यातली शेवटची ओळ त्यांनी तिसऱ्यांदा मोठ्याने वाचली आणि दाढीतल्या दाढीत हसले. अनोळखी वैशिष्ट्यांमुळे डिस्क उघडता आली नाही, असं काहीसं त्यात होतं.

"बाई, डिस्क शाबूत आहे."

"मग उघडत का नाही?"

"ऐका. डिस्कच्या पहिल्या पानावर तीन याद्या असतात. डिस्क बांधताना काय काय नव्या सोयी वापरल्या त्यांच्या. पहिल्या यादीतलं एखादं नाव तुम्हाला ओळखीचं नसलं तरी चालतं, या, बसा, लिहा. दुसऱ्या यादीतलं ओळखत नसाल तर नुसतं वाचा, लिहू नका. आणि तिसऱ्या यादीतलं एक जरी नाव ओळखत नसाल तर उंबऱ्यातूनच परत जा. तुमच्या या म्हाताऱ्या कॉम्प्युटरने तिसरी यादी वाचली. एक नाव त्याला ठाऊक नव्हतं. बिचारा इमानदारीने परत फिरला. त्याने घुसखोरी केली असती तर आजीचं वाटोळं झालं असतं."

मग त्यांनी तपासणीचा प्रोग्राम चालवला, नुसता बघण्यापुरता, काही न बदलता. त्यानेही हात वर केले. मला यातलं एक समजत नाही, माझी नवी आवृत्ती आणा, असं त्याने चक्क लिहून दिलं. नझीरभाईंना कोण आनंद! "बघा, बघा! हा पण म्हणतोय, मला येत नाही. असा नोकर मिळायला नशीब लागतं."

मला तो आनंद परवडणारा नव्हता. "जबरदस्तीने उघडायची काही तरी युक्ती असेल ना? सोमवारी सुनावणी आहे!"

"असेल. आणि आजीच्या तोंडचं एक वाक्य गेलं तर? ते परत कोण बोलणार? तुम्ही?"

मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "ही डिस्क बांधली कोणी?" मी सगळं सांगितलं. भाऊ, नवा लॅपटॉप, मी 'खरवडून काढ' म्हटलं ते. त्यांनी मान डोलावली. "दुकानातून आली तशी ठेवली असती तर इथे उघडली असती. नवं लिनक्स डिस्क बांधताना नव्या सोयी आपणहून घालतं. भावाची चूक नाही, त्याच्याकडे ती उघडतच होती." माझी चूक होती असं ते म्हणाले नाहीत. म्हणायला हवंच होतं असंही नाही, मला कळलं होतं.

इलाज सोपा होता, फक्त लांबचा. नवं लिनक्स पेनड्राइव्हवर घ्यायचं, जुना कॉम्प्युटर त्यावरून चालू करायचा. ते उतरवून घ्यायला मोहल्ल्यातलं इंटरनेट म्हणजे आनंदच. शनिवारी सकाळी नझीरभाईंनी गच्चीच्या कठड्यावर फोन ठेवला, वर सावलीला सूप धरलं आणि दुपारपर्यंत राखण केली. उतरलं. मग ते खरं उतरलं की वाटेत बिघडलं हे तपासायला चौसष्ट अक्षरांचा एक आकडा जुळवायचा असतो. झुबेदाभाभी वाचायच्या, हे समोरचं बघायचे. "सात," भाभी म्हणाल्या. "इथे नऊ आहे," हे म्हणाले. पहिल्याच घासाला खडा! मी म्हटलं, चालवून तर बघू. दोघांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी मुकाट्याने भाभींना भाकऱ्या थापायला मदत केली. ते पुन्हा कठड्यापाशी जाऊन बसले.

रविवारी सकाळी चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं जुळली. दुपारी ते ऑफिसात आले तेव्हा दाराशी वाडीतल्या सगळ्या बाया जमल्या होत्या. हिराकाकी मात्र लांब, खळ्याच्या कडेला उभी होती. कॉम्प्युटर पेनड्राइव्हवरून चालू झाला. नझीरभाईंनी डिस्क उघडली ती नुसती वाचण्यापुरती. "लिहायची परवानगी मी मला पण देत नाही," म्हणाले. फोल्डर दिसले. एक, दोन, सगळे. त्यांनी चांगुणाआजीची पहिली बैठक लावली.

"बोलू का आता?" आजीचा आवाज आला. "का तुजा डबा अजून जागा व्हयाचा हाय?"

बायांचा एकच गलका झाला. कोणी हसत होतं, कोणी पदर डोळ्यांना लावत होतं. नझीरभाईंनी आवाज मोठा केला, उठून दाराशी गेले आणि खळ्याकडे बघून हाक मारली.

"हिराकाकी, इकडे या. तुमच्या जाऊबाई बोलतायत."

काकी आली. उंबऱ्याबाहेरच थांबली. नझीरभाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "काकी, कुंकवाने काहीही झालं नव्हतं. डिस्क पहिल्यापासून बोलत होती, पहिलं पान वाचून दाखवत होती. खाचेत बिघाड असता तर ती बोललीच नसती. दोन कॉम्प्युटरांची एकमेकांशी ओळख नव्हती, एवढंच."

"खरं सांगताव?" काकीने विचारलं.

"मला येत नसतं तर येत नाही म्हटलं असतं. हे मला येतं."

आयुष्यभर चारचौघांत 'येत नाही' म्हणत आलेल्या माणसाच्या तोंडचं 'येतं' किती वजनाचं असतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. काकीने तिथेच पायरीवर बसकण मारली आणि सुनेला म्हणाली, "भात हाय का गो?" गुरुवारनंतरचं तिचं ते पहिलं जेवण. आम्ही सगळ्यांनी ते बघितलं, आणि ती जेवत असताना आतून आजी खळ्याची दक्षिणेकडची हद्द सांगत होती.

संध्याकाळपर्यंत नझीरभाईंनी दोन जुन्या पद्धतीने बांधलेल्या डिस्कांवर नकला केल्या, वाडीतल्या कॉम्प्युटरला कळतील अशा. सोमवारी सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी आजीच्या तिन्ही बैठका ऐकल्या. मध्ये आजी मला 'लिवलंस का न्हाय, का नुस्ती मान हालवतेस?' म्हणून खडसावते, तिथे साहेबसुद्धा हसले. मग त्यांनी जागेवर माणसं पाठवून आजीच्या हद्दी पायांनी मोजून घेतल्या. दिवाळीनंतर कागद आला, मासळी वाळवण्याची वहिवाटीची जागा म्हणून. गाड्या दुसरीकडे उभ्या राहतात.

सगळं इतकं चांगलं झालं की त्या आनंदाच्या लोंढ्यात माझं एक काम वाहून गेलं. गेलं कसलं, मी जाऊ दिलं. नझीरभाई सगळ्यांसमोर 'दोन कॉम्प्युटरांची ओळख नव्हती' म्हणाले तेव्हा मला हायसं वाटलं होतं. काकीवरचा आळ गेला, माझ्यावर आला नाही. मी मनाशी म्हटलं, आता काकी जेवली, झालं ना.

पुढच्या उन्हाळ्यात नझीरभाई आणि भाभी हजला निघाले. निघण्याआधी त्यांच्यात ओळखीच्या प्रत्येकाच्या दारी जाऊन माफी मागायची रीत आहे. ते वाडीवर आले तेव्हा खळ्यावर जवळा घातला होता आणि काकी दाताळ्यासारख्या लाकडी फणीने तो वरखाली करत होती. नझीरभाईंनी चपला कडेला काढल्या.

"हिराकाकी, हजला चाललोय. बोललं-चाललं माफ करा."

काकी गडबडली. "तुमी काय बोललाव मला? तुमी तर आळ काढलाव माज्यावरचा."

"असेल काही. माझ्या लक्षातही नसेल. पण ते बरोबर घेऊन तिथं जाता येत नाही."

"केलं बाबा माफ. समदं केलं. आमच्यासाठी पन हात जोडा तितं."

मग ते माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही पण." मी कशीबशी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं वगैरे काही नाही. ते आपले शेजारच्या घराकडे गेले, तिथेही चपला काढल्या. मी मात्र त्यांच्याकडे बघत राहिले. ज्याने आमचं काही वाईट केलं नाही तो उन्हात दारोदार माफी मागत फिरत होता.

मी काकीपाशी जाऊन उकिडवी बसले. "काकी, ती डिस्क मी खरवडायला लावली होती. म्हणून उघडली नाही. मला शुक्रवारीच कळलं होतं. आणि तरी तुला सगळ्यांदेखत बोलले त्याबद्दल मी काही म्हटलं नाही. माझं चुकलं. मला माफ कर."

काकीची फणी थांबली नाही. "ठावं हाय."

"नझीरभाईंनी सांगितलं?"

"तो कशाला सांगतोय! तुज्या तोंडावर दिसत व्हतं त्या दिवशी, आजी बोलाया लागली तवा."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

काकीने जवळ्याची एक ओळ उलटवली, मग दुसरी.

"मी कशाला बोलू? मी वाट बगत व्हते," ती म्हणाली.